मराठी माध्यमातली मुलगी आणि साडेसहा बँडची अट

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्याचे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मग अकरावी-बारावी सायन्स, आता मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. पुढे तिला फूड सायन्समध्ये एम.एस्सी. करायचंय, तेही इंग्लंड नाहीतर आयर्लंडला. आमच्या माहेरी-सासरी परदेशी शिकायला आजवर कुणी गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला इथपासून सुरुवात आहे.

तिनेच बसून विद्यापीठांच्या साइट वाचल्या. बऱ्याच ठिकाणी आयईएलटीएसला (ही इंग्रजीची परीक्षा, तिच्या गुणांना बँड म्हणतात) साडेसहा आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली नको, असं दिसतं. वाचन तिचं बरं आहे, प्रॅक्टिकलची जर्नल इंग्रजीतच लिहिते. पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड. इथल्या एका क्लासवाल्यांनी 'दीड महिन्यात सात बँडची हमी' म्हणून पंचवीस हजार सांगितले. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने त्याच्याही पुढची उडी मारली, म्हणे परीक्षाच नको, आम्ही परीक्षेविना प्रवेश करून देतो. मिस्टर म्हणतात वर्षभर पुण्यात ठेवू, इंग्रजी सुधारेल. सासूबाई म्हणतात, पुण्यात राहून इंग्रजी कसं सुधारतं?

मला एवढंच कळून घ्यायचंय, की हे साताऱ्यात घरी बसून जमण्यासारखं आहे का. आणि परीक्षेविना प्रवेश ही काय भानगड आहे?

भडंगप्रेमी

सासूबाईंना सांगलीकरांकडून साष्टांग नमस्कार. बाकी जाणकार येतीलच.

गुगली

हमीवाल्यांना विचारा, सात नाही आले तर फी परत, असं स्टँपपेपरवर देता का? चहा यायच्या आत विषय बदलतील.

मास्तर_कराड

ताई, मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. निवृत्तीनंतर घरीच चार-सहा मुलांची या परीक्षेची तयारी करून घेतो, त्यामुळे मी या धंद्यातलाच समजा आणि माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

घरी बसून जमतं. पण परीक्षा नेमकं काय तपासते ते आधी समजून घ्यायला हवं. ऐकण्याचा भाग साधारण अर्ध्या तासाचा, ४० प्रश्न, आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. आपली मुलं इथे शब्द माहीत नसल्यामुळे अडत नाहीत. त्यांनी इंग्रजी आयुष्यभर डोळ्यांनी शिकलेलं असतं, कानाने नाही. कुणी पत्ता सांगतो, आधी एक नंबर सांगून लगेच दुरुस्त करतो, आणि मुलं पहिलाच नंबर लिहून मोकळी होतात. अनेकवचनाचा शेवटचा 'एस' ऐकू येत नाही. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं वर स्पष्ट छापलेलं असताना तीन लिहितात, गेला मार्क.

वाचनाला ६० मिनिटं, तीन उतारे, पुन्हा ४० प्रश्न. यात 'खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलंच नाही' असा एक प्रकार असतो. सायन्सची हुशार मुलं इथे हटकून आपटतात, कारण त्यांना ती गोष्ट माहीत असते! उताऱ्यात नसलेलं उत्तर ती स्वतःच्या डोक्यातून देतात. तुमच्या मुलीला मायक्रोबायोलॉजीवरचा उतारा आला तर जास्त जपायला सांगा.

लेखनाला एक तास. पहिला प्रश्न आलेख किंवा तक्त्याचं वर्णन, किमान १५० शब्द. दुसरा निबंध, किमान २५० शब्द, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तरी मुलं पहिल्यावरच अर्धा तास घालवतात. बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. समोर माणूस असतो, गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारतो, मग एक विषय देतो. एक मिनिट विचार करायला, दोन मिनिटांपर्यंत बोलायला.

आता हिशेब. चार भागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. साडेसहा, साडेसहा, सहा, सहा आले तर सरासरी सव्वासहा, आणि ती वर जाऊन साडेसहा होते. म्हणजे तुमच्या मुलीला लागतं तेवढंच. पण एकाच भागात साडेसहा आणि बाकी तिन्हीत सहा असतील तर एकूण सहाच धरतात. म्हणून मी मुलांना सांगतो, वाचन आणि ऐकणं हे हातातले भाग आहेत, तिथे सातच्या आसपास जायचं. ४० पैकी ३० बरोबर आली की साधारण सात येतात. मग लेखन-बोलण्यात सहा राहिले तरी गाडी निघते.

शनिवारपेठ

मास्तरांशी बराचसा सहमत, पण धाग्याच्या शीर्षकाशी नाही. यात मराठी माध्यम कुठून आलं? माझा मुलगा केजीपासून इंग्रजी माध्यमात. मित्रांशी फाडफाड बोलतो. बोलण्यात साडेसात, लेखनात साडेपाच! कारण आयुष्यात त्याने सलग दोन परिच्छेद स्वतःचे म्हणून कधी लिहिलेच नव्हते. सगळं गाइडातलं. मराठी माध्यमातल्या मुलांना निदान व्याकरण तरी नीट शिकवलेलं असतं.

हळदबाजार

व्याकरण शिकवलं की हो, पण तेवढंच शिकवलं. क्रियापदाची तिन्ही रूपं आम्ही पाढ्यांसारखी म्हणायचो. वर्गात इंग्रजीत एक वाक्य बोलायची पाळी बारावीपर्यंत आली नाही. सांगलीत इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा पहिल्या प्रेझेंटेशनला पाय लटपटत होते.

जुना_वाचक

सगळेच इंग्लंडला निघाले. इथे काय फूड सायन्स नाही? म्हैसूरला केंद्र सरकारची एवढी मोठी संशोधन संस्था आहे, तिचं नाव कुणी काढत नाही. आणि ही परीक्षा हा शुद्ध धंदा. सतरा-अठरा हजार फी, दोन वर्षांत निकाल बाद. माणूस दोन वर्षांत इंग्रजी विसरतो काय?

गुगली

काका, मी तर लग्नानंतर दोन वर्षांत मराठीसुद्धा विसरलो. घरी फक्त 'हो' येतं.

अजिंक्यतारा

जुना_वाचक, म्हैसूरचा मुद्दा रास्त आहे, मुलीने तिकडेही अर्ज करावा. पण साताऱ्याच्या माणसाला बाहेर शिकायला का जायचं हे विचारू नये. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला पटावर आलं. आताचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. आपल्याकडे ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळेच.

शिष्यवृत्तीवरून आठवलं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी. धागा वाचणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. दोन्हीकडे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेव्हा आधी प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्ती शोधू म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

जुना_वाचक

इतिहास मला माहीत आहे. बाबासाहेबांना बँड विचारला नव्हता एवढंच म्हणतो.

भडंगप्रेमी

पॉपकॉर्न संपले, आता आमचं भडंग काढतो.

धुक्यातली

धागा आत्ता पाहिला. मी मूळची वाईची, सध्या उत्तर इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय. परीक्षेविना प्रवेशाबद्दल आधी लिहिते, कारण ते अर्धसत्य आहे आणि म्हणूनच खपतं.

पदवी आणि त्यावरच्या कोर्ससाठी ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा 'बी टू' पातळीचं (युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरचं) इंग्रजी मागतो, पण ती पातळी विद्यापीठ स्वतःच्या पद्धतीने तपासू शकतं. त्यामुळे काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे मार्क चालवून घेतात, काही पदवीचं शिक्षण इंग्रजीत झाल्याचं कॉलेजचं पत्र चालवतात. कुठला बोर्ड चालतो, किती टक्के हवेत, हे विद्यापीठागणिक बदलतं. सीबीएसईला एक आकडा आणि राज्य बोर्डाला दुसरा, असंही असतं. हे सगळं विद्यापीठाच्या साइटवर भारताच्या पानावर फुकट वाचायला मिळतं. कन्सल्टंट काही करून वगैरे देत नाही. त्याच्याकडे अशा विद्यापीठांची यादी असते आणि त्यातल्या ज्यांच्याकडून कमिशन मिळतं तिथे तो तुम्हाला ढकलतो. तुमच्या मुलीला हवा तो कोर्स त्या यादीत असेलच असं नाही. आयर्लंडचं म्हणाल तर तिकडे बहुतेक ठिकाणी परीक्षा द्यावीच लागते.

म्हणून उलट्या क्रमाने जा. आधी कोर्स ठरवा. फूड सायन्ससाठी लीड्स आणि रेडिंग ही दोन नावं इंग्लंडमध्ये लगेच निघतात, आयर्लंडमध्ये कॉर्कचं विद्यापीठ. त्या कोर्सच्या पानावर भाषेची अट बघा. मग अर्ज करा. अर्जाच्या वेळी निकाल हातात असलाच पाहिजे असं बऱ्याच ठिकाणी नसतं. मार्क बघून सशर्त प्रवेश देतात, भाषेचा निकाल नंतर जोडता येतो. म्हणजे दीड महिन्यात वगैरे काही करायची गरजच नाही. ती घाई क्लासवाल्यांची आहे, तुमची नाही.

आणि थोडे बँड कमी पडले तर काही विद्यापीठं मुख्य कोर्सच्या आधी काही आठवड्यांचा प्री-सेशनल इंग्रजी कोर्स देतात. फी वेगळी. त्यासाठी कधीकधी 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' (ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठीची) लागते. परीक्षा तीच, पण नोंदणी वेगळी, आणि साधी दिलेली असली तर तिचा निकाल तिथे चालत नाही. परीक्षा बुक करायच्या आधी विद्यापीठाला ईमेल करून कुठली हवी ते लेखी विचारायचं.

इथे आल्यावरचं वेगळं लिहिते, मोठं आहे.

वेण्णाकाठ

धुक्यातली, किती आभार मानू! उलट्या क्रमाचं कुणीच सांगितलं नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली मी हेच म्हणत होते, तूच ऐकत नव्हतीस. असो. मास्तर सर, तुमचा हिशेब कागदावर काढून फ्रिजला लावलाय.

मिरजकर

जर्मनीचा विचार केलाय का? बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी जवळपास नाहीच. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य बाहेरच्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. मास्टर्सचे कोर्स इंग्रजीतूनही असतात. मात्र भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासणारा जर्मन दूतावासाचा विभाग) प्रमाणपत्र २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे. शिवाय राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटात आधी भरावे लागतात. पैसे आपलेच, दरमहा थोडे थोडे परत मिळतात, पण सुरुवातीला एकरकमी उभे करायला लागतात.

आमच्या मिरजेत हॉस्पिटलं भरपूर, त्यामुळे नर्सिंगच्या मुली हल्ली जर्मन शिकतायत. माझी भाची त्यातलीच. तिला इंग्रजीचा बँड कुणी विचारत नाही, जर्मन बी टू विचारतात. दिवसा ड्यूटी, रात्री ऑनलाइन क्लास, आणि मधल्या वेळात आजीला गुटेन मॉर्गन.

शनिवारपेठ

आजी काय म्हणतात?

मिरजकर

'जेवलीस का?'

कासपठार

अवांतर: बारावीनंतर थेट जर्मनीला बॅचलर्स करता येतं का? माझा भाऊ अकरावीत आहे.

मिरजकर

थेट सहसा नाही. आपली बारावी तिकडच्या शालांत परीक्षेच्या बरोबरीची धरत नाहीत. एक वर्ष श्टुडिएनकोलेग नावाचा पूर्वतयारीचा कोर्स करायचा, किंवा इथे विद्यापीठात निदान एक वर्ष पूर्ण करायचं, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हायचं. वर बॅचलर्सचे बहुतेक कोर्स जर्मनमधून. वेगळा धागा काढा, इथे ताईंचा विषय भरकटेल.

प्राची_एस

आयईएलटीएसच का? पीटीई (अशीच दुसरी इंग्रजीची परीक्षा) पण बघा. पूर्ण संगणकावर असते, बोलायचं ते माइकवर. समोर माणूस बघून घसा कोरडा पडणाऱ्यांना ते सोपं वाटू शकतं. गुण १० ते ९० मध्ये, निकाल साधारण दोन दिवसांत. मी तीच दिली. एकच त्रास, शेजारच्या बूथमधला मुलगा आपल्यापेक्षा मोठ्याने बोलत असतो, आणि त्याचं उत्तर आपल्यापेक्षा चांगलं असतं.

आणि टायपिंग! आमची पिढी मोबाइलवर अंगठ्याने लिहिते. कीबोर्डवर २०० शब्द वेळेत टाइप करायची सवय नसेल तर इंग्रजी येऊनही वेळ संपतो. संगणकावरच्या आयईएलटीएसलाही तेच लागू.

डुओलिंगोची परीक्षा सगळ्यात स्वस्त, घरी बसून तासाभरात होते. पण ती सगळीकडे चालत नाही. विद्यापीठाच्या यादीत नाव असेल तरच.

मास्तर_कराड

माइकबद्दल थोडा वेगळा अनुभव. माझ्याकडच्या लाजऱ्या मुलांना समोर माणूस असला तर उलट बरं पडतं. तो मान हलवतो, हसतो. माइक हलत नाही. ताई, मुलीला दोन्हीचे मोफत नमुने सोडवू द्या आणि तिलाच ठरवू द्या.

धुक्यातली

काल लिहिते म्हटलं होतं.

बँड हा आत शिरण्यापुरता कागद आहे. माझे साडेसात होते, तरी पहिल्या महिन्यात लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून गेलं. आयईएलटीएसमधले लोक स्पष्ट बोलतात. इथला लॅबचा टेक्निशियन यॉर्कशरचा, तो निम्मे शब्द गिळतो. दोन आठवड्यांत कान बसला, पण ते दोन आठवडे मी नुसती मान डोलावत होते.

खरी अडचण लिहिण्याची. इथे परीक्षेपेक्षा असाइनमेंटला जास्त मार्क, आणि प्रत्येक असाइनमेंट सॉफ्टवेअरमधून जाते. कुठलं वाक्य कुठून आलं ते दिसतं. आपल्याकडे पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क मिळतात, 'टेक्स्टबुक आन्सर' म्हणून कौतुकही होतं. इथे तेच चोरी ठरतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला याच कारणासाठी चौकशीला बोलावलं. त्याला शेवटपर्यंत कळेना की त्याने केलं काय. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या वाक्यात मांडायचं, कंसात नाव आणि साल द्यायचं, शेवटी संदर्भ लिहायचे. हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत, कारण त्याला बँड नसतो.

मग सेमिनार. प्राध्यापक विचारतात, या पेपरबद्दल तुला काय वाटतं? मी आयुष्यात पहिल्यांदा छापून आलेल्या पेपरबद्दल 'काय वाटतं' याचा विचार केला. गप्प बसलं तर इथे तो आदर समजत नाहीत, वाचून आली नाही असं समजतात.

वेण्णाकाठ ताई, मुलीकडे अजून वेळ आहे. तिने तिच्या विषयातला आठवड्याला एक पेपर वाचावा आणि पाच ओळींत स्वतःच्या इंग्रजीत लिहावं, की यांनी काय केलं आणि मला काय पटलं नाही. पुस्तक मिटून. परीक्षेलाही उपयोग, नंतर तर फारच. पुण्याला जाऊन राहायची गरज नाही.

हळदबाजार

प्रचंड सहमत. वाचनखूण साठवली.

जुना_वाचक

हा प्रतिसाद आवडला. हे शहाणपण इथल्या कॉलेजांत शिकवलं तर कुणाला बाहेर जायला नको, हा माझा मूळ मुद्दा.

अजिंक्यतारा

काका, आत्ता आपण सहमत झालो. तारीख लिहून ठेवा.

हिशेबनीस

बँकेत होतो, शैक्षणिक कर्जाची प्रकरणं बघायचो. इंग्रजीवर एवढी चर्चा झाली, पण व्हिसा अडतो तो बऱ्याचदा पैशाच्या कागदावर. ब्रिटनसाठी कोर्सची उरलेली फी अधिक राहण्याचा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसला पाहिजे. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. नातेवाइकांकडून पैसे गोळा करून भरले आणि विसाव्या दिवशी काकांनी ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी परत मागितले, असं एक प्रकरण डोळ्यांनी पाहिलंय. मान्यताप्राप्त बँकेचं मंजूर कर्ज असेल तर २८ दिवसांची भानगड राहत नाही. आयर्लंडसाठी राहण्याचे वर्षाला १०,००० युरो दाखवायला लागतात.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर ब्रिटनला टीबीची तपासणीही लागते, तीही त्यांनी ठरवलेल्या केंद्रातच. आणि शिकून झाल्यावर नोकरी शोधायला तिथे दोन वर्षं राहता येतं ते १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षांवर येतंय. आयर्लंडला मास्टर्सनंतर दोन वर्षं आहेत. कर्ज फेडायचं गणित मांडताना ते सहा महिने मोजा.

वेण्णाकाठ

बापरे, आयर्लंडकडे झुकतं माप द्यायला हवं असं दिसतंय.

मुलीने घड्याळ लावून एक नमुना पेपर सोडवला. वाचन ३१, ऐकणं २६. मास्तर सरांनी सांगितलं तसंच झालं, ऐकण्यात तीन उत्तरं नुसत्या 'एस'पायी गेली. निबंधाचं कळत नाही. विषय होता, शहरातल्या रस्त्यांवर खाजगी गाड्यांना बंदी घालावी का. तिने ३१० शब्द लिहिले, मला तरी छान वाटला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून पाठवू का?

मास्तर_कराड

पाठवा.

...

वाचला. तिची हरकत नसेल तर इथेच लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

भाषा सहाच्या वरची आहे. अडचण आपल्या शाळेतल्या निबंधाची आहे. सुरुवात सुविचाराने. मग वाहतुकीचा इतिहास, बैलगाडीपासून. मग गाड्यांचे फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून शासनाने योग्य तो निर्णय घ्यावा'. आपल्याकडे याला दहापैकी आठ देतात. तिथला परीक्षक विचारतो, बाई, बंदी घालायची की नाही? उत्तर कुठाय?

पहिल्या परिच्छेदात आपली बाजू सांगून टाकायची. पुढच्या दोन परिच्छेदांत एकेक कारण, आणि त्या कारणाला खरंखुरं उदाहरण. साताऱ्याच्या मुलीने लंडनचं उदाहरण द्यायची गरज नाही. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत संध्याकाळी गाडी कशी जाते ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तेच लिहावं. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा घेऊन तो का पटत नाही ते सांगावं. संपलं. २७० शब्द पुरेत. आणि पाठ केलेली भारी वाक्यं परीक्षकाला लगेच कळतात, त्याने मार्क जातात.

बोलण्यासाठी एकच सांगतो. रोज संध्याकाळी फोनवर दोन मिनिटं स्वतःचं रेकॉर्डिंग करायचं, विषय कुठलाही, आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. उच्चार गोऱ्यासारखे करायला जाऊ नये. समोरच्याला समजलं पाहिजे, एवढंच बघतात. अडखळली तर चालतं, गप्प झाली तर नाही.

गुगली

बैलगाडीपासून सुरुवात 😄 मास्तर, तुम्ही आमच्या शाळेत होता का?

शनिवारपेठ

आमच्या चिरंजीवांना साडेपाच आले ते नेमके यामुळेच. नंतर त्याने फक्त लेखनाची फेरपरीक्षा दिली. संगणकावर दिलेल्यांना चारपैकी एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. साडेसहा आले. मात्र असा जोडलेला निकाल सगळीच विद्यापीठं घेत नाहीत, त्याच्या यादीतल्या एकाने घेतला नाही.

प्राची_एस

एक राहिलंच. नावं! बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि आपल्या नावात वडिलांचं नाव जोडलेलं असेलच असं नाही. परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो आणि निकालावर त्यावरचंच नाव येतं. माझ्या विद्यापीठाने दोन नावं बघून 'या दोन व्यक्ती एकच कशावरून' असं विचारलं होतं. प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

वेण्णाकाठ

हे बरं झालं सांगितलंत. तिच्या बारावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही एका अक्षराने वेगळं आहे. पासपोर्टचा अर्ज अजून व्हायचाय.

आमचं असं ठरलंय. क्लास लावायचा नाही, पुणंही नाही. घरीच तयारी, आठवड्याला एक पेपर, रोजचं रेकॉर्डिंग. पदवीची परीक्षा डोक्यावर असताना हे नको म्हणून बँडची परीक्षा त्यानंतर. तोवर कॉर्क आणि लीड्सला अर्ज. म्हैसूरलाही करतेय, जुना_वाचक काका. सासूबाईंनी रेकॉर्डिंगला श्रोता म्हणून बसायचं कबूल केलंय, पण त्या मध्येच प्रश्न विचारतात.

मास्तर_कराड

विचारू द्या, परीक्षकही विचारतो. स्पेलिंगचं मात्र पासपोर्टच्या आधी बोर्डाकडून दुरुस्त करून घ्या. शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुख्याध्यापकांमार्फत अर्ज जातो आणि वेळ लागतो. ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाचा दाखला) कोल्हापूरला विद्यापीठात जाल तेव्हा तिथल्या कागदांवरचं नावही तपासून या.

कासपठार

जर्मनीचा वेगळा धागा काढलाय, मिरजकर दादा तिकडे या.